आधी गुण्या, मग गणित

‘दुपारच्या बॅचची मुलं’ असं आमच्याकडे कुणी म्हणालं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. ‘तुमचं बरंय मॅडम, तुम्हाला निकालाचं टेन्शन नाही.’ मी गणित शिकवते. पूर्वी सकाळच्या नियमित वर्गांना शिकवायचे, आता नववी ते बारावीच्या दुपारच्या वर्गांना शिकवते. साडेबाराला सुरू, साडेपाचला सुटी. अर्धा वेळ भाषा, गणित, विज्ञान आणि अर्धा वेळ कार्यशाळेत सुतारकाम, वायरिंग, शिवणकाम, नळकाम. टेन्शन मला पूर्वीपेक्षा जास्तच आहे. सकाळच्या शाळेतून गळालेलं मूल आमच्याकडे येतं. आमच्याकडून गळालं तर त्याला पुढे कुणीच विचारत नाही.

येणारी मुलं एका साच्यातली नसतात. कुणी पहाटे कामाला जातं आणि अकराला मोकळं होतं. कुणाच्या घरी लहान भावंडं किंवा आजारी माणूस असतं, सकाळचं सगळं आवरल्याशिवाय त्या मुलीला बाहेर पडताच येत नाही. कुणी दोन वर्षं शाळेबाहेर राहून परत आलेलं असतं आणि लहान मुलांबरोबर एका बाकावर बसायची त्याला लाज वाटते. काहींच्या घरी तर काहीच अडचण नसते. त्यांना सकाळी सातला शाळेत जाऊन डोळे उघडे ठेवणं जमतच नव्हतं.

या शेवटच्या मुलांना सगळे ‘आळशी’ म्हणून मोकळे होतात, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते. वयात येताना शरीराचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा तयार व्हायला लागतं, कधीकधी दोन तासांपर्यंत उशिरा. या वयाला झोप मात्र आठ ते दहा तास लागते. रात्री बारापर्यंत झोप न येणाऱ्या मुलाला साडेपाचला उठवलं तर हिशोब कुठून जुळणार? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच सांगितलं की माध्यमिक शाळा सकाळी साडेआठच्या आधी भरवू नयेत. कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये हायस्कुलांसाठी तसा कायदा केला आणि 2022 पासून तो लागू झाला. सकाळच्या वर्गात मान टाकून बसणारा एक मुलगा आमच्याकडे आल्यावर दुपारी दोनला हात वर करून प्रश्न विचारायला लागला. मुलगा तोच, फक्त त्याची झोप पूर्ण होत होती.

दुपारच्या वेळेचीही एक अडचण आहेच. जेवण झालेलं असतं, अंग जड असतं, त्यात निम्मी मुलं सकाळपासून राबून आलेली. सुरुवातीच्या वेळापत्रकात आधी वर्गातले विषय आणि शेवटी कार्यशाळा होती, कारण अभ्यास आधी आणि ‘बाकीचं’ नंतर ही सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली पद्धत. आम्ही ती उलटी केली. आता मुलं आल्या आल्या कार्यशाळेत जातात. उभं राहून, हात चालवून माणूस जागा होतो. पहिला अर्धा तास मशीनला मात्र कुणीही हात लावायचा नाही, हा नियम मोडलेला मी खपवून घेत नाही. पेंगुळलेल्या मुलाला ड्रिलपाशी उभं करणं म्हणजे बोट गमवायला पाठवणं. त्या अर्ध्या तासात हत्यारांना धार लावायची, लाकडावर खुणा करायच्या, कालचं काम मोजून बघायचं. केस बांधलेले, ओढणी काढून ठेवलेली, पायात बंद बूट. मग मशीन सुरू.

वेळापत्रक उलटं केल्याचा खरा फायदा पुढे लक्षात आला. मुलं माझ्या तासाला येतात ती प्रश्न घेऊनच.

मागच्या महिन्यातली गोष्ट. नववीतला एक मुलगा छत्तीस इंच बाय सत्तावीस इंचाची चौकट करत होता. चारही बाजू त्याने नीट मापून कापल्या होत्या, सांधे घट्ट बसले होते, बघायला काम चोख. आमच्या मिस्त्रीकाकांनी लांबूनच एक डोळा बारीक करून सांगितलं, ‘गुण्यात नाही.’ मुलाने एका कोपऱ्याला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, लावून बघितला. फट इतकी बारीक की दिसली न दिसल्यासारखी. तो म्हणाला, ‘काका, आहे की काटकोन.’ काकांनी त्याच्या हातात टेप दिली. ‘कर्ण मोज. दोन्ही.’ एक भरला पंचेचाळीस इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), दुसरा चव्वेचाळीस इंच पाच सूत. सहा सुतांचा फरक. काकांनी लांब कर्णाच्या दोन टोकांना क्लॅम्प लावला, थोडा आवळला आणि पुन्हा मोजायला लावलं. थोडा आवळा, मोजा, आणखी थोडा आवळा, मोजा. दोन्ही कर्ण बरोबर पंचेचाळीसवर आले तेव्हा मुलगा टेपकडे बघतच राहिला.

तासाभराने वर्गात आल्या आल्या त्याने विचारलं, ‘मॅडम, दोन्ही सारखे यायला पाहिजेत हे समजलं. पण पंचेचाळीसच का? चव्वेचाळीस-चव्वेचाळीस का नाही?’

इतकी वर्षं पायथागोरस शिकवताना ज्या प्रश्नाची मी वाट बघते, तो त्या दिवशी मला आयता मिळाला. फळ्यावर लिहिलं: सत्तावीस म्हणजे नऊ त्रिक, छत्तीस म्हणजे नऊ चोक, पंचेचाळीस म्हणजे नवा पाचे. तीन, चार, पाच. मग मुलांनीच मापं बदलून बघितली. साठ आणि ऐंशी सेंटिमीटरला शंभर. पाच आणि बारा फुटांना तेरा. काकांनी वर्गाच्या दारातून सांगितलं की घराचा पाया आखताना दोरीने याच तीन-चार-पाचवर कोपरा काढतात. मागच्या बाकावरची एक मुलगी, जिचा भाऊ बांधकामावर जातो, म्हणाली, ‘आमचा दादा हेच करतो, पण त्याला याचं नाव माहीत नाही.’ त्या संध्याकाळी तिने भावाला प्रमेय समजावून सांगितलं.

अपूर्णांकांचंही असंच. एक इंच म्हणजे आठ सूत. तीन अष्टमांश अधिक एक चतुर्थांश असं फळ्यावर लिहिलं की अर्धा वर्ग अंश अंशात आणि छेद छेदात मिळवून चार-बारांश असं उत्तर देतो. ‘तीन सूत आणि पाव इंच मिळून किती?’ असं विचारलं तर तीच मुलं क्षणात ‘पाच सूत’ म्हणतात. पाव इंचाचे दोन सूत करून घेतले की समान छेद झालाच. त्यानंतर कागदावरची रीत सांगितली की ती त्यांना ओळखीची वाटते.

वायरिंगच्या बाजूला आमच्याकडे लाकडी सराव-बोर्ड आहेत, सगळे बारा व्होल्टवर चालणारे. जिन्यातला दिवा खालून आणि वरून दोन्हीकडून चालू-बंद करायचा, त्यासाठी दोन टू-वे स्विच. दहावीतल्या एका मुलीने ते जोडलं, दिवा लागला, आणि बाकीच्यांसारखी ती तिथे थांबली नाही. वहीत चार ओळींचा तक्ता केला. दोन्ही स्विच वर, दिवा चालू. एक वर एक खाली, बंद. उलट केलं तरी बंद. दोन्ही खाली, पुन्हा चालू. मग तिने विचारलं, ‘मधल्या मजल्यावर तिसरा स्विच हवा असेल तर?’ इंटरमीजिएट स्विच दाखवायच्या आधी शिक्षकांनी तिलाच विचार करायला सांगितलं. कागदावर दोन स्विचमधल्या दोन तारा काढून ती बराच वेळ बसली आणि शेवटी म्हणाली, ‘मधे या दोन तारांची अदलाबदल करता आली पाहिजे.’ त्या स्विचच्या आत नेमकं हेच होतं. बोर्डावर तिने ते जोडलं तेव्हा तक्ता आठ ओळींचा झाला, आणि त्यात तिला एक नियम दिसला: कुठलाही एकच स्विच हलवला की दिव्याची स्थिती उलटते. कॉम्प्युटरच्या आतला तर्कही याच वाटेने जातो हे मी तिला दुसऱ्या दिवशी दाखवलं. या मुलीच्या आधीच्या प्रगतिपुस्तकावर ‘आकलन कमी’ असा शेरा आहे. मी तो रोज बघते आणि मला रोज राग येतो.

हाताने शिकण्याची कल्पना काही नवी नाही. फिनलंडमध्ये शिक्षणतज्ज्ञ ऊनो सिग्नेउस यांच्या आग्रहाने 1866 मध्ये हस्तकला शाळेत आली. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, हस्तोद्योगाच्या माध्यमातून सगळे विषय शिकवायचे. त्या योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकिर हुसेन समितीचा अहवाल दुपारचे वर्ग चालवणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असं मला वाटतं. त्यात एक सावधगिरीची सूचना आहे: आर्थिक बाजूवर भर देण्याच्या नादात शिक्षणाचा आणि संस्कृतीचा हेतू बळी पडू शकतो.

हा धोका आमच्या दाराशी येऊन गेलाय. मुलांचं काम बरं होतंय म्हटल्यावर एका संस्थेकडून एकसारख्या स्टुलांची मोठी ऑर्डर आली. पैसे मिळणार होते, लाकडाचा खर्च निघणार होता, सगळे खूश होते. मी आणि काकांनी विरोध केला. पहिल्या चार-पाच स्टुलांत मूल शिकतं. पुढच्या स्टुलांत हात पक्का होतो, तेही हवंच. पण विसाव्या स्टुलाला एक मुलगा फक्त पाय कापतोय आणि दुसरा फक्त पॉलिशपेपर घासतोय, याला शाळा कशी म्हणायची? शेवटी आम्ही थोडीच स्टुलं घेतली, तीही या अटीवर की प्रत्येक मूल आपलं स्टूल पहिल्या खुणेपासून शेवटच्या पॉलिशपर्यंत स्वतः करेल, आणि लाकूड किती लागलं, वाया किती गेलं, वेळ किती लागला याचा हिशोब स्वतः लिहील. तो हिशोब हाच माझ्या त्या महिन्याचा गणिताचा पेपर होता.

मिस्त्रीकाकांचं शालेय शिक्षण फारसं झालेलं नाही. त्यांना शिक्षकांच्या खोलीत खुर्ची असावी की नसावी यावर आमच्याकडे चक्क चर्चा झाली होती. मुलं असलं सगळं टिपतात. ज्याचं काम शिकायचं त्या माणसाला आपण कसं वागवतो, त्यावरूनच त्या कामाची किंमत त्यांच्या मनात ठरते. पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 पासून हीच गोष्ट गंभीरपणे घेतली. गावातल्या उपयोगाची कामं मुलांनी करायची, गावातल्या कुशल माणसांनी ती शिकवायची आणि त्यातून विज्ञान समजून घ्यायचं. तिथे एका मुलाच्या वाट्याला एकच धंदा येत नाही. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि घर-आरोग्य अशा सगळ्या बाजूंची ओळख होते. हे मला फार पटतं. नववीतल्या मुलाला ‘तू सुतार’ आणि मुलीला ‘तू शिवणकाम’ असं सांगून टाकणं हा अन्याय आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी सगळ्यांना सगळं करावं लागतं. शिवणयंत्रावर मुलगे बसतात, करवत मुलींच्या हातात असते. एका आईने तक्रार केली की मुलाला शिलाई कशाला. तिच्या मुलाचाच टाका आज वर्गात सगळ्यात सरळ येतो.

जर्मनीचं उदाहरण या विषयात हमखास दिलं जातं. तिथली दुहेरी पद्धत खरोखर भक्कम आहे: आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत पगारी प्रशिक्षण, एक-दोन दिवस शाळा, 1969 पासून या सगळ्याला देशपातळीवरचा कायदा. मात्र तिथल्या बहुतेक राज्यांत चौथीनंतरच, म्हणजे दहाव्या वर्षीच मुलं वेगवेगळ्या शाळांत विभागली जातात. ती बाजू आपण उचलू नये. दहा वर्षांच्या पोराचं काय ठरलेलं असतं? आमच्या मुलांचं सोळाव्या वर्षीही ठरत नाही आणि ते ठीकच आहे.

म्हणून परीक्षेच्या बाबतीत मी हट्टी आहे. दुपारच्या मुलांना सोपा पेपर, वेगळं सर्टिफिकेट असं सुचवणारे भेटतात. ‘त्यांना तेवढं पुरे’ हे वाक्य मी एका मोठ्या अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलंय. पुरे नाही. पेपर तोच असला पाहिजे. शिकवण्याची वाट वेगळी असेल, वेळ वेगळी असेल, पण शेवटी हातात येणारा कागद तोच हवा, ज्यावर आयटीआयलाही प्रवेश मिळेल, पॉलिटेक्निकलाही आणि पदवीलाही. त्याखेरीज आम्ही प्रत्येकाची कामाची फाइल ठेवतो: कामाचे फोटो, मापांची चित्रं, साहित्याचे हिशोब, काय बिघडलं आणि ते कसं दुरुस्त केलं. गेल्या वर्षी एका मुलीला ती फाइल बघून एका वर्कशॉपने उमेदवारीला घेतलं, आणि बारावीचे गुण होते म्हणून ती आता तिथून डिप्लोमाही करतेय.

प्रवेशाचे दिवस जवळ आलेत. तुमच्या ओळखीत अशा वर्गाचा विचार करणारं कुणी असेल तर त्यांना फॉर्म भरण्याआधी एक दुपार तिथे जाऊन बसायला सांगा. परीक्षा कुठली देता येते ते विचारा. मुलींना कुठली कामं देतात ते बघा. कार्यशाळेत शिकवणारा आणि वर्गात शिकवणारा एकमेकांशी बोलतात का, हे तर मुलांनाच विचारा, ती खरं सांगतात. साडेपाचला सुटल्यावर लांबच्या मुली घरी कशा जातात, याचंही उत्तर शाळेकडे असलं पाहिजे. आमच्याकडे ते अजून अर्धवटच आहे. थंडीच्या दिवसांत अंधार लवकर पडतो, म्हणून आम्ही सुटी अर्धा तास अलीकडे आणायचं ठरवलंय, आणि तो अर्धा तास कार्यशाळेच्या वेळेतून कापायचा की माझ्या तासातून, यावर काकांची आणि माझी चर्चा सध्या रोज चालू आहे.