ईर म्हणजे पाणी

माझी मुलगी तीन वर्षांची असताना स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या बालवाडीत जायला लागली आणि तिनं तोंड मिटलं. घरी अखंड बडबड. तिथं दारातून आत गेली की संध्याकाळी मी घ्यायला जाईपर्यंत एक शब्द नाही. ऑगस्टमध्ये सुरू झालं, दिवाळी गेली, बर्फ पडायला लागला, तरी तेच. गावाहून माय फोनवर रोज विचारायची, "काऊन बोलत नाही वं पोट्टी? कोनी मारत त नाही तिले तिथं?" मारत कोणी नव्हतं. ती कोपऱ्यात बसून सगळं बघायची आणि पाणी हवं असलं तरी मागायची नाही. तहानलेली घरी यायची आणि बूट काढायच्या आधी पेला मागायची.

नोव्हेंबरमध्ये बालवाडीच्या बाईंनी मला बोलावलं. मी घाबरूनच गेले. मुलीत काही कमी आहे, डॉक्टरला दाखवा, असं काहीतरी ऐकावं लागेल म्हणून रात्रभर झोप नव्हती. बाईंनी माझ्यापुढं एक कोरा कागद ठेवला. म्हणाल्या, तुमच्या भाषेतले पंधरा शब्द आम्हाला लिहून द्या, आणि ते म्हणायचे कसे तेही शिकवा. पाणी, भूक, शू, झोप, दुखतंय, थांब, आई येईल. दुसऱ्या भाषेत टाकलेलं मूल कित्येकदा आधी काही महिने नुसतं ऐकतं, त्यात काळजीचं काही नाही, पण तोवर तिला तहान लागली तर आम्हाला कळायला हवं ना, असं त्या म्हणाल्या. मी रोमन अक्षरांत शब्द लिहिले. बाईंनी एकेक शब्द तीन-तीनदा म्हणून पाहिला. त्यांना 'ण' काही जमेना. 'पानी' म्हणाल्या, अगदी माझी माय म्हणते तसं.

तो कागद त्यांनी कपाटाच्या दारावर चिकटवला. मी बाहेर येऊन ट्रामच्या थांब्यावर बसले आणि तीन ट्राम जाऊ दिल्या. मला मुलीची आठवण येत नव्हती. मला 'ईर' आठवत होतं.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या बाजूला. नाल्याच्या अलीकडे आमची वस्ती आणि पलीकडे कोलामांचा पोड. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी या पट्ट्यात राहणाऱ्यांना पोड म्हणजे काय ते सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते: कोलामांची स्वतंत्र लहानशी वस्ती. महाराष्ट्रात अति असुरक्षित मानलेल्या आदिवासी जमाती तीन आहेत, कातकरी, माडिया गोंड आणि कोलाम. कोलामांची घरची भाषा कोलामी. ती मराठीची बोली नाही. तिचं कुळच वेगळं, तेलुगू-गोंडीच्या द्राविडी घराण्यातलं. २०११च्या जनगणनेत ती मातृभाषा म्हणून सांगणारे सव्वा लाखाच्या थोडे वर होते, मराठीचे आठ कोटींच्या वर.

पहिलीत माझ्या मागच्या रांगेत, दारापाशी, पोडावरची एक मुलगी बसायची. तिचं नाव मी इथं लिहीत नाही, तिला विचारलेलं नाही. ती कधीच बोलायची नाही. गुरुजी वाईट माणूस नव्हते. थंडीत कुडकुडणाऱ्या पोरांना उन्हात बसवायचे, स्वतःच्या पैशानं पाट्या आणून द्यायचे. पण त्यांना कोलामी येत नव्हती आणि तिला मराठी येत नव्हती, आणि या दोन गोष्टींपैकी एकच उणीव म्हणून मोजली गेली. एकदा त्यांनी तक्त्यावरच्या माठाच्या चित्रावर छडी टेकवून तिला विचारलं, यात काय असतं? ती उठली. कितीतरी वेळानं, अगदी हळू, म्हणाली, "ईर."

वर्ग हसला. मीही हसले. जोरात हसले, मला ते नीट आठवतं. ईर म्हणजे कोलामीत पाणी. तिनं उत्तर बरोबर दिलं होतं. आपल्या ओव्या-अभंगांतल्या 'नीर'शेजारी तो शब्द ठेवून पाहा, किती जवळचा वाटतो. त्या दिवशी वर्गात ते सांगणारं कुणी नव्हतं. "ढ आहे" हे तिच्याबद्दल कधी ठरलं ते मला सांगता येणार नाही, पण दिवाळीनंतर कापूस वेचणीला लागलेली ती परत शाळेत आलीच नाही, आणि त्याचं कुणालाही नवल वाटलं नाही.

माझ्या मुलीला नोव्हेंबरमध्ये जे मिळालं ते तिला मिळालं असतं तर? त्याला खर्च एका कागदाचा होता.

इथं शाळेत आणि कामाच्या ठिकाणी 'सर्वांना सामावून घेणे' यावर पुष्कळ बोललं जातं. मला त्यातलं सगळ्यात जास्त पटतं ते मातृभाषेच्या तासाचं. स्वीडननं १९७७ साली सुधारणा करून ही जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. घरी दुसरी भाषा बोलणारी किमान पाच मुलं त्या भाषेचा तास मागत असतील आणि योग्य शिक्षक मिळत असेल, तर तो तास द्यावा लागतो. शिवाय नव्यानं आलेल्या मुलाला गणित, विज्ञान समजावं म्हणून त्याच्या भाषेत मदत देण्याचीही सोय आहे. मुलाला स्वीडिश येत नाही म्हणून त्याचं गणित कच्चं धरायचं नाही, आधी त्याला काय काय येतं ते त्याच्या भाषेत तपासायचं.

आम्ही मराठीची पाच मुलं जमवली. वर्षभर फोन करावे लागले. शिक्षिका मिळाल्या त्या मूळच्या सांगलीच्या. पहिल्याच तासाला माझी लेक त्यांना म्हणाली, "मले सांबार नाही आवडत." बाईंना वाटलं इडलीबरोबरचं. मी आतल्या खोलीत कान देऊन उभी होते आणि माझ्या पोटात गोळा आला होता, कारण हे वाक्य मी आधी जगलेली होते.

पुण्यात पहिल्या नोकरीत असताना भाजीवाल्याकडे मी कोथिंबीर हवी म्हणून 'सांबार' मागितलं. बरोबरच्या मैत्रिणीनं ते ऑफिसात सांगितलं आणि पुढची दोन वर्षं मी 'सांबार' झाले. शेंगदाण्याला फल्ली, गुडघ्याला टोंगळा म्हटलं की एकमेकांना डोळे मारले जायचे. मीटिंगमध्ये मी बोलायचं सोडून दिलं. एरवी इंग्रजीच बोलायचे, कारण माझं तुटकं इंग्रजी माझ्या मराठीपेक्षा कमी हसण्यासारखं होतं. माझ्या साहेबांनी वार्षिक आढाव्यात लिहिलं, "मत मांडत नाही." मला तेव्हाही पोडावरची ती आठवायला हवी होती. नाही आठवली.

आणि हे विदर्भाच्या माणसाला ऐकावं लागतं! मराठीतला आद्य गद्यचरित्रग्रंथ 'लीळाचरित्र' अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला घडला. चक्रधर स्वामींच्या मागे महानुभाव पंथ सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांनी विद्वान केशोबासांना संस्कृतात लिहू नका म्हणून अडवलं, कारण संस्कृतानं माझ्या म्हाताऱ्या बायका वंचित राहतील. सातशे वर्षांपूर्वी आपल्या मातीतल्या माणसानं विद्वत्तेच्या आधी म्हाताऱ्यांचा विचार केला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मी इथं पेढे वाटले, आणि वाटताना मनात हेच होतं.

सांगलीच्या बाईंनी माझ्या लेकीला काय सांगितलं ते ऐका. वहीत दोन शब्द लिहायला लावले, कोथिंबीर आणि सांबार, आणि म्हणाल्या, "हा आजीचा शब्द, हा पुस्तकातला. दोन्ही पाठ कर." मी आतल्या खोलीत भिंतीला टेकून उभी राहिले.

कामावरचं एकच सांगते. आमच्या टीममध्ये एक सहकारी जन्मापासून ऐकू न येणारा आहे. स्वीडिश खुणांची भाषा ही बहिऱ्या व्यक्तींची पहिली भाषा आहे, हे इथल्या संसदेनं १९८१ मध्येच मान्य केलं. महत्त्वाच्या मीटिंगला दुभाषी येतो, आणि दुभाष्यामुळं एक नियम आपोआप लागू होतो: एका वेळी एकानंच बोलायचं आणि बोलायच्या आधी हात वर करायचा. त्या वेळी माझं स्वीडिश इतकं कच्चं होतं की चार जण एकदम बोलले की मी हरवायचे. त्याच्यासाठी केलेल्या नियमानं मी बोलती झाले. कुणाची जागा कमी झाली नाही. अपंग व्यक्तीची अडचण दूर करता येत असून केली नाही तर तोही भेदभाव, हे २०१५ पासून इथल्या कायद्यात आहे, आणि २०१७ पासून मालकानं आपल्याकडं भेदभावाच्या जागा कुठं आहेत ते स्वतः शोधत राहायचं आहे, तक्रारीची वाट बघत बसायचं नाही.

हे वाचून इथं सगळं सोनं आहे असं समजू नका. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सारख्याच पात्रतेचे नोकरीअर्ज स्वीडिश आणि मध्यपूर्वेकडच्या नावांनी पाठवले, तर स्वीडिश नावांना मुलाखतीची बोलावणी दीडपट आली. शहराच्या ज्या भागात मी आधी राहायचे तिथल्या शाळेत स्वीडिश घरातलं मूल शोधावं लागायचं. आणि उत्तरेकडच्या तोर्नेदालेन भागात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा व्हायची. त्यांच्यातले आता म्हातारे झालेले लोक सत्यशोधन आयोगापुढं बोलले, आणि आयोगाचा अहवाल २०२३ मध्ये आला. तो वाचताना मला माठाचं चित्र आणि छडी दिसत होती. म्हणजे हे लोक काही उपजत शहाणे नाहीत. चुकले, आणि मग कायदा केला.

कायदा तर आपल्याकडंही आहे. भाषिक अल्पसंख्याक गटांतल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यानं करावी, असं आपल्या राज्यघटनेचं कलम ३५०अ १९५६ पासून सांगतं. २००९चा शिक्षणहक्क कायदा शक्य तितकं मातृभाषेतून शिकवा म्हणतो. २०२०च्या शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेची भलामण आहे. मेळघाटातल्या कोरकू पोराला, गडचिरोलीच्या माडिया पोराला, आमच्या पोडावरच्या पोराला हे तिन्ही कागद लागू आहेत. पुस्तकं कधी छापली जातील तेव्हा जातील. पण पहिलीच्या दारावर पंधरा शब्दांचा कागद लावायला कोणत्या आदेशाची वाट बघायची? अंगणवाडी सेविका गावातलीच असते. जिथं पोडावरची सेविका आहे तिथं पोरं आधीच बोलतात, हे कुणीही जाऊन पाहावं. तिला जूनमध्ये पंधरा दिवस पहिलीच्या वर्गात बसवलं तरी गुरुजींचं अर्धं काम होईल. शहरातल्या माझ्या वाचकांनो, तुमच्या शाळेत वीटभट्टीवरच्या छत्तीसगढी पोरांसाठी, ऊसतोडीहून उशिरा आलेल्यांसाठी हेच करता येतं.

गेल्या डिसेंबरमध्ये गावी गेले तेव्हा शाळेत गेले होते. वर्ग चार झालेत, भिंतीवर टीव्ही आहे. शिक्षक तरुण, मराठवाड्यातले. मी माठाची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ताई, पहिले सहा महिने माझे हातवाऱ्यांतच जातात. कुणाला विचारायचं हेच सुचलं नाही." त्या मुलीची चौकशी मी पोडावर केली. लग्न होऊन ती तिकडं आदिलाबादकडे गेली, एवढंच कळलं. तिला काय सांगणार होते मी? माफी मागायची होती. ती राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोडावरच्या सात-आठ पोरांना घेऊन वर्गात बसलो, सरांनी कार्डशीट आणली होती. पाण्याचा शब्द मी मोठ्या ऐटीत म्हणाले. दुसरीतली एक पोरगी लगेच म्हणाली, "तसं नाही," आणि मला तीनदा म्हणायला लावलं. भूक झाला, झोप झाला. मग मी 'दुखतंय'चा शब्द विचारला आणि पोरांत भांडण लागलं. नाल्याच्या या पोडाचा एक शब्द, टेकडीपलीकडून आलेल्या भावंडांचा दुसरा. सर खडू हातात धरून माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, सर, दोन्ही लिहा. त्यांनी दोन्ही लिहिले, आणि ती दुसरीतली पोरगी जवळ जाऊन बघू लागली, नीट लिहिलंय की नाही.