तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवर झकास दिसणारा व्हिडिओ लिंक्डइनवर भकास का होतो?

पणजीत पाटोला ऑफिस थाटलेला सल्लागार असो, वेर्ण्याच्या वसाहतीतला कारखाना असो की फोंड्याकडचे काजूवाले, प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "फोनवर एवढा स्वच्छ दिसतो, लिंक्डइनवर चढवला की तोंड पुसल्यासारखं का दिसतं? नक्की कुठल्या मापात द्यायचा?"

माप सांगतो, पण नुसत्या मापाने काम होत नाही. तुम्ही दिलेली फाइल लिंक्डइन जशीच्या तशी दाखवत नाही. तिथे ती पुन्हा दळली जाते, तिच्या लहानमोठ्या आवृत्त्या होतात आणि बघणाऱ्याचं नेट जसं असेल तशी आवृत्ती त्याला मिळते. हे दळण थांबवता येत नाही. दळताना कमीत कमी वाया जाईल अशी फाइल देणं एवढंच आपल्या हातात असतं, आणि त्यातला निम्माअधिक भाग चित्रीकरणाच्या वेळीच ठरलेला असतो.

मर्यादा आधी उरकून टाकू. फाइल ७५ केबी ते ५ जीबी. लांबी किमान ३ सेकंद. संगणकावरून चढवलात तर जास्तीत जास्त १५ मिनिटं, ॲपमधून १० मिनिटं. फ्रेम सेकंदाला १० ते ६०. एमपी४ द्यावी, प्रोरेस (ॲपलचा जड व्हिडिओ प्रकार) चालत नाही. यात बहुतेकांचा व्हिडिओ आरामात बसतो, त्यामुळे बिघाड इथे शोधत बसू नका.

आकाराचं मात्र आधी ठरवा. आडवा १६:९ व्हिडिओ फोनच्या पडद्यावर १०८० पिक्सेल रुंद असेल तर उंच जेमतेम ६०७ भरतो. तोच ४:५ केला तर १०८० × १३५०, म्हणजे दुपटीहून जास्त जागा. लोक फीड अंगठ्याने सरकवत असतात, तिथे ही जागा मोलाची. पण फोनच्या कॅमेऱ्यात ४:५ असा पर्याय सहसा नसतो, मग उभं शूट करून वरून-खालून कापलं जातं आणि कुणाचं कपाळ जातं, कुणाच्या हातातली बरणी. त्यापेक्षा फोरकेमध्ये आडवं शूट करा: ३८४० × २१६०. बोलणारा माणूस मधोमध ठेवा. या चौकटीतला मधला १७२८ × २१६० चा तुकडा बरोबर ४:५ निघतो आणि १०८० वर आणताना तो लहानच करायचा असल्याने धार जात नाही. वेबसाइटसाठी आडवा व्हिडिओही त्याच टेकमधून मिळतो. अट एकच, महत्त्वाचं सगळं रुंदीच्या मधल्या ४५ टक्क्यांत हवं. दोघं बाकाच्या दोन टोकांना बसून गप्पा मारत असतील तर हे जमणार नाही. त्यांना खांद्याला खांदा लावून बसवा.

स्क्रीन रेकॉर्डिंग असेल तर आकार कुठलाही घ्या, पण आधी ब्राउझर किंवा एक्सेल १५० ते २०० टक्के मोठं करा. संगणकावर वाचता येणारी रकमेची रांग फोनवर मुंग्यांची रांग दिसते.

आता तोंड पुसल्यासारखं का होतं ते. व्हिडिओ लहान करणारं तंत्र प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच नोंदवतं. मागची भिंत स्थिर असेल तर तिच्यावर डेटाचा खर्च जवळजवळ शून्य, सगळा हिस्सा चेहऱ्याला. आणि आपण गोव्यात काय करतो? पाहुण्याला "मागे जरा गोवा दिसू दे" म्हणून माडांपुढे किंवा मिरामारच्या लाटांपुढे उभं करतो. माडाचं प्रत्येक पातं प्रत्येक फ्रेममध्ये हललेलं, पाण्याचा प्रत्येक ठिपका बदललेला. हिस्सा सगळा तिकडे जातो, चेहऱ्यावर चौकटी पडतात. पावसाची सर, चवथीला लावलेल्या लुकलुकत्या माळा, हेही तसलंच. गोवा दाखवायचाच असेल तर चिऱ्याची भिंत आहे, बाल्कांव (गोव्याच्या घरापुढची बसायची ओसरी) आहे. बाल्कांवात कडेने मऊ उजेड येतो, मागे भिंत शांत असते आणि बोलणाऱ्याला बसायला आयती जागा असते. माडांचं दृश्य वेगळं घ्या, दोन सेकंद दाखवा, पुन्हा माणसाकडे या.

ऑफिसात शूट करताना चित्रात आडवे पट्टे सरकतात ती तक्रारही नेहमीची. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोन सेकंदाला ३० फ्रेम घेतो आणि शटर, म्हणजे एक फ्रेम टिपायचा वेळ, आपल्या मर्जीने बदलतो. दोघांचा ताल जुळला नाही की पट्टे आलेच. २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. फोनच्या स्वतःच्या कॅमेऱ्यात शटर बांधून ठेवता येत नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप घ्या, त्यात येतं. उन्हात हा खटाटोप नको, सूर्य लुकलुकत नाही. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये, रेकॉर्ड व्हिडिओखाली, एचडीआर बंद करा. चालू राहिला तर दळणात रंग नीट उतरत नाहीत आणि माणूस आजारी दिसतो.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की भिंगावर वाफ धरते. पुसून उपयोग नाही, पुन्हा धरते. कॅमेरा बॅगेतच राहू द्या, बॅग अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवा.

आवाजाबद्दल थोडक्यात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, पदराला किंवा लॅनयार्डला घासणार नाही असा. पातळी मोठ्यात मोठ्या आवाजाला उणे १२ डेसिबलच्या आसपास. पंखा, एसी, फ्रिज बंद. पत्र्याच्या शेडमध्ये पाऊस सुरू झाला तर थांबा, तो आवाज कुठलंही सॉफ्टवेअर निगुतीने काढत नाही. सकाळी लवकर वाड्यावर शूट ठेवलंत तर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा धरून चाला.

फायली एकमेकांना पाठवताना सगळ्यात मोठी नासाडी होते. शूट करणारा व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवतो, तिथे तो एकदा दळला जातो. एडिटर त्यावर काम करून ग्राहकाला तसाच पाठवतो, दुसरं दळण. ग्राहक तोच लिंक्डइनवर टाकतो, तिसरं. व्हॉट्सॲपवर पाठवायचाच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत मूळ फाइल जाते. नाहीतर ड्राइव्ह. आणि दळून आलेली फाइल फोरकेमध्ये एक्स्पोर्ट केली म्हणून सुधारत नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक्स्पोर्टची मापं लिहून ठेवा: व्हिडिओचा प्रकार एच.२६४, १०८० × १३५०, २५ फ्रेम, १० ते १२ मेगाबिट प्रति सेकंद. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ. १२ मेगाबिटने दीड मिनिटाचा व्हिडिओ १०८० मेगाबिट, भागिले आठ म्हणजे साधारण १३५ एमबी होतो. तुमची फाइल १५ एमबीची निघाली तर कुठेतरी भलताच पर्याय निवडलाय. फोनचे व्हिडिओ फ्रेमचा वेग मधेच बदलतात आणि पाच-सहा मिनिटांनंतर ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे असं होतं. एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून काढा: फ्रेमरेट २५, 'कॉन्स्टंट' निवडलेलं, गुणवत्ता आरएफ १८.

यानंतर मथळे, म्हणजे बोलणं वाचता यावं म्हणून चित्रावर येणाऱ्या ओळी (सबटायटल्स). व्हिडिओ फीडमध्ये आपोआप सुरू होतो तो मुका. ऑफिसात बसलेला माणूस आवाज चालू करेल या भरवशावर राहू नका. म्हणून सुरुवातीचं लोगो फिरवणं हे नमनाला घडाभर तेल; पहिल्या तीन सेकंदांत माणूस आणि मुद्दा वाचता यायला हवा.

मराठीत बोलून इंग्रजी मथळे दिले तर मुंबई-बंगळुरूचे ग्राहकही सोबत राहतात. मथळे चित्रावर कायमचे छापता येतात किंवा वेगळी एसआरटी फाइल जोडता येते. छापायचे असतील तर पांढऱ्यावर काळं किंवा काळ्यावर पांढरं. लाल अक्षरं निळ्यावर घेऊ नका: या प्रकारच्या व्हिडिओत रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा चौपट कमी साठवली जाते, त्यामुळे रंगीत अक्षरांच्या कडा पसरतात. मराठी अक्षरं असतील तर 'विक्री', 'प्रक्रिया', 'चिऱ्याची' हे तीन शब्द टाकून बघा. वेलांटी भलत्या अक्षरावर गेली किंवा 'ऱ्या' फुटला तर प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडायचं राहिलंय. जुन्या डीटीपी फाँटमधला मजकूर चिकटवलात तर नुसता गोंधळ उमटतो. युनिकोडमध्येच टाइप करा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या.

एसआरटी नोटपॅडमध्येही बनते. प्रत्येक मथळ्याला एक क्रमांक, खालच्या ओळीत सुरुवातीची आणि शेवटची वेळ, त्याखाली मजकूर, मग एक रिकामी ओळ. सेकंद आणि त्यापुढचे तीन आकडे यांच्यामध्ये स्वल्पविराम, टिंब नाही. मजकूर मराठी असला तरी वेळेचे आकडे इंग्रजीच लिहा. जतन करताना यूटीएफ-८ निवडा; एएनएसआय राहिलं तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसते. एका वेळी दोनच ओळी.

चढवायचं काम संगणकावरूनच करा, मथळ्यांची फाइल आणि मुखचित्र (थंबनेल) दोन्ही तिथे जोडता येतात. मुखचित्र व्हिडिओच्याच मापाचं ठेवा, नाहीतर कडेला काळे पट्टे येतील. एकदा पोस्ट केल्यावर वरचा मजकूर सुधारता येतो, व्हिडिओ बदलता येत नाही. काढून नवा टाकायचा तर आलेल्या प्रतिक्रियाही जातात. तेव्हा बटण दाबण्याआधी तयार फाइल फोनवर घ्या, आवाज बंद करा आणि एकदा फक्त माणसाच्या मागे काय आहे ते बघा: फळ्यावर राहिलेला दर, खोक्यावरचा बॅच क्रमांक, कुणाच्या तरी उघड्या लॅपटॉपवरची मेल.