करवंदीचं नवं घर: ४६ किलोंपासून गिरणाऱ्यापर्यंतची वही

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की करवंदीला, म्हणजे आमच्या पाळलेल्या डुकरिणीला, दुसरं घर शोधायचं की नाही, यावर आमच्या घरात एकमत होत नाहीये. त्याला सहा महिने झाले. वही समोर आहे, तीच इथे उतरवतेय. ज्यांच्या घरी डुक्कर आहे आणि मनात हाच विचार घोळतोय, त्यांच्यासाठी.

नव्यांना थोडं मागचं सांगते. करवंदी २०२१ च्या पावसाळ्यात आमच्या नाशिकजवळच्या मखमलाबादच्या रो-हाऊसमध्ये आली. दीड महिन्याची, पावणेदोन किलोंची, काळीभोर. विकणाऱ्याने 'दहा किलोंच्या वर जाणार नाही' असं छातीठोकपणे सांगितलं होतं, तिचे आईबापही दाखवले होते. लहानखुरेच होते. पण डुकरं चार-सहा महिन्यांत वयात येतात आणि हाडापेराने मात्र तीन-चार वर्षं वाढत राहतात. म्हणजे ते आईबाप स्वतःच पोरवयातले असणार. कपात मावेल एवढं डुक्कर म्हणून विकतात ती 'टीकप' नावाची कुठली जातच नाही. जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठाने १९६० च्या दशकात प्रयोगशाळांसाठी मुद्दाम लहान चणीची डुकरं तयार केली, तीसुद्धा पूर्ण वाढल्यावर ३५ ते ४५ किलो भरतात. दहा किलोंच्या शब्दावर कुणी पिल्लू घेत असेल तर त्याला एवढंच सांगा.

६ ऑक्टोबर २०२४
छातीचा घेर ८८ सेंमी, कानामागून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी ८६ सेंमी. काट्यावर ती उभी राहत नाही, म्हणून टेपनेच काम भागवते: मीटरमधला घेर गुणिले घेर, गुणिले लांबी, गुणिले ६९.३. उत्तर ४६ किलो. डोळ्यांवर चरबीची वळी यायला लागलीय, आणखी वाढली तर तिला दिसेनासं होईल. आजपासून भरडा निम्म्यावर. दिवसाला ४५० ग्रॅम, दोन वेळांत, आणि पोट भरायला लसूणघास, मेथीचे देठ, दुधी, काकडी. वराहपालनवाल्यांचं खाद्य बंद. ते लवकर वजन चढावं म्हणूनच बनवलेलं असतं.

२० ऑक्टोबर
सासूबाई पडल्या. मी भांडं भरत होते, करवंदीने घाईघाईत मुसंडी मारली ती नेमकी त्यांच्या गुडघ्यावर. हाड मोडलं नाही, पण आठवडाभर चालता येत नव्हतं. त्या स्वतः म्हणाल्या, "तिच्यावर चिडू नकोस, तिला जागाच पुरत नाही." खरं आहे. अंगणात सगळी फरशी. उकरायला माती नाही, म्हणून तिने कोपऱ्यातल्या चार फरश्या नाकाने उचकटल्यात. आम्ही दोघं दिवसभर कामावर, ती एकटी. कळपातला प्राणी आहे हा. गेल्या उन्हाळ्यापासून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर जाते, तेही त्यातूनच. त्या रात्री ठरलं.

दिवाळी
एकच नोंद. पाहुण्यांच्या पोराने तिला अख्खी ताटली चिवडा आणि शेव घातली. मी दोन्ही बादल्या भरून ठेवल्या आणि ती पाणी पितेय ना हे रात्री दोनपर्यंत बघत बसले. डुकराच्या पोटात मीठ जास्त गेलं आणि पाणी मिळालं नाही, तर मेंदूला सूज येते, झटके येतात, जीवही जातो. फराळाचं ताट उंचावर ठेवा आणि पाण्याची बादली कधीही रिकामी राहू देऊ नका.

१० नोव्हेंबर
पहिली जागा बघितली. दिंडोरीकडचा द्राक्षबाग, माणसं फार चांगली, दोन एकर मोकळं. मी जवळजवळ हो म्हणून आले होते. पण आम्ही उभे असतानाच ब्लोअरवाला ट्रॅक्टर ओळीतून आला. ऑक्टोबर छाटणीनंतरचे दिवस, फवारणी एकामागून एक चालूच. शेडमध्ये मोरचुदाच्या (फवारणीचं निळं, विषारी औषध) पिशव्या, खाली निळे डाग, आणि करवंदी जमिनीवरचं काहीही चाटून बघते. शेतकरीदादांनीच सांगितलं, "ताई, आमच्या कुत्र्यालाही या दिवसांत बांधून ठेवावं लागतं." त्यांनी खरं सांगितलं याचे मी फार आभार मानले. नाशिकमध्ये शेतावर जनावर द्यायचं तर छाटणीनंतरच्या दिवसांत एकदा जाऊन यावंच. एप्रिल-मेमध्ये सगळे मळे सारखेच दिसतात.

१ डिसेंबर
खुरं कापली. फरशीवर झिजत नाहीत, पुढची दोन्ही कात्रीसारखी एकमेकांवर चढली होती. पद्धत तीच: जेवणानंतर अर्ध्या तासाने गोणपाटावर बसायचं, पोटाला खरखरून खाजवायचं. ती आधी मान टाकते, मग मागचे पाय ढिले पडतात आणि धप्पकन कुशीवर. एका हाताने खाजवणं थांबवायचं नाही, दुसऱ्या हाताने आधी खुराच्या फटीतला मळ काढायचा. मग टोकाचा पांढरा, कोरडा भाग थोडा-थोडा कापायचा. आत गुलाबीसर दिसायला लागलं की थांबायचं, त्याच्या पुढे रक्त आहे. शेवटी कानस. कानशीचा आवाज आला की कान उभे होतात, तेव्हा मी तिच्याशी बोलत राहते. एका बैठकीत दोन-तीनच खुरं. चारही पायांना तीन रविवार लागले.

१५ डिसेंबर
नाशिकजवळच्या गिरणारे गावाच्या पुढे एका काका-काकूंचा मळा. भाजीपाला, थोडी आंब्याची झाडं, तीन गाई, द्राक्ष नाही. त्यांच्याकडे मुंबईहून आलेला बंड्या नावाचा खच्ची केलेला नर दोन वर्षं आहे, करवंदीपेक्षा थोडा मोठा. त्याची खुरं बघितली, डोळे बघितले, शेण बघितलं. चिखलाचा खड्डा आंब्याखाली, सावलीत. डुकराला अंग थंड ठेवण्यापुरता घाम येत नाही, म्हणून मार्च ते मे हा खड्डा त्याचा जीव वाचवतो. काकूंनी मला उलट प्रश्न विचारले: माजावर येते का? (नाही. २०२२ मध्येच शस्त्रक्रिया झालीय. तशीच राहिली असती तर दर २१ दिवसांनी घर डोक्यावर आणि उतारवयात गर्भाशयाच्या गाठींची भीती.) चावलीय का कुणाला? लस कधी दिली? ज्या घरातून असे प्रश्न येतात तिथे जनावर द्यायला हात कचरत नाही.

कागद केला. साध्या कागदावर चार गोष्टी: विकायची नाही, कापायची नाही, कुणाला पुढे द्यायची नाही, जमलं नाही तर आमच्याकडे परत. दोन्ही घरांच्या सह्या. मांसासाठी नेणारे गोड बोलूनच येतात. मला असे दोन फोन आले होते, म्हणून हे तोंडी ठेवायचं नाही असं मी ठरवलं.

जानेवारी
सातपूरच्या वेल्डरकडून पिंजरा करून घेतला. पहिले चार दिवस जेवण पिंजऱ्याच्या दारात, मग आत, मग आत गेल्यावर दार लोटून, शेवटी दार लावून दहा मिनिटं. एकूण १९ दिवस. ढकलून एकदाही भरली नाही. डुक्कर ओरडतं तेव्हा ते घाबरलेलं असतं, आणि एकदा पिंजऱ्याला घाबरलं की पुढे डॉक्टरांकडे नेणंही अवघड होतं.

९ फेब्रुवारी २०२५
घेर ८४, लांबी तीच. ४२ किलो. डोळे पूर्ण उघडे दिसतात. पहाटे पाचला छोटा हत्ती टेम्पो आला. रिकाम्या पोटी, फक्त पाणी. गंगापूर, दुगाव, गिरणारे. मी मागे तिच्याजवळ बसले. दुगावपर्यंत ती घुर्र-घुर्र करत होती, मग झोपली. तिचं गोणपाट न धुता नेलं, नजर अधू असली तरी नाक तिला सगळं सांगतं. मुलगा घरीच राहिला. त्याला यायचं नव्हतं आणि मी आग्रह केला नाही.

पुढचे ३० दिवस ती गोठ्यामागच्या वेगळ्या वाड्यात, बंड्यापासून लांब, भांडीही वेगळी. आफ्रिकन स्वाइन फीवर भारतात २०२० मध्ये ईशान्येकडे आला. तो माणसाला होत नाही, पण डुकराला झाला तर औषध नाही. त्याच कारणाने काकांकडे हॉटेलचं उरलंसुरलं अन्न येऊच देत नाहीत. पहिले तीन दिवस करवंदीने जेवण अर्धवट टाकलं. चौथ्या दिवशी काकूंचा फोन: "भोपळा संपवला, आणि कोपरा सगळा उकरून ठेवलाय."

१६ मार्च
पाच दिवस जाळीच्या दोन बाजूंनी ठेवून आज दोघं एकत्र. भांडण झालं. खांद्याला खांदा लावून गोल फिरणं, कानाला चावा, करवंदीच्या कानाला ओरखडा. मला बघवत नव्हतं, पण काका म्हणाले, "ताई, मधी पडू नका, त्यांचं त्यांना ठरवू द्या." मोकळी जागा होती, पळायला दोन वाटा होत्या, म्हणून मी थांबले. पाऊण तासाने बंड्या खड्ड्यात जाऊन बसला, ती काठावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा थोडं झालं. तिसऱ्या दिवशी एकाच गव्हाणीशेजारी दोन भांडी, सहा फुटांच्या अंतराने.

६ एप्रिल
मुलगा पहिल्यांदा सोबत आला. तिने त्याच्या चपला हुंगल्या, मग तळवा, मग त्याच्या पायापाशीच धप्पकन कुशीवर. तो तिला बराच वेळ खाजवत बसला, परत निघताना गाडीत काही बोलला नाही. घेर ८३. पुढची खुरं मातीत झिजून सरळ व्हायला लागलीत, मागची अजून कापावी लागतील. टेप काकूंकडे ठेवून आलेय, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या आकडा कळवतील. मेमध्ये कानांच्या टोकांवर ऊन लागतं का ते बघायचंय. तिथली केसं विरळ आहेत आणि आंब्याची सावली दुपारी तीननंतर खड्ड्यावरून सरकते. काका म्हणतात, पश्चिमेच्या बाजूला बांबू रोवून हिरवी जाळी बांधू. पुढच्या रविवारी जाळी घेऊन जातेय.