एकही इंजेक्शन न घेतलेली गाय

सिन्नर तालुक्यातल्या एका गोठ्यातून सकाळी फोन आला, गाय उठत नाही. पहिलारू एचएफ (होल्स्टिन संकरित जातीची), नुकतीच व्यायलेली. अंगात ताप, डोळे खोल गेलेले, कासेचा मागचा उजवा भाग टणक. धार काढली तर दुधाऐवजी पिवळसर पाणी. अशी दगडी, म्हणजे कासेची सूज, बहुतेकदा शेणातल्या ई. कोलाय या जंतूची असते.

"ताई, सेफ्ट्रायझोनच मारा, बाटली पडलेलीय माझ्याकडं," मालक म्हणाले. मी आधी नमुना घेतला. सड स्पिरिटने पुसला, पहिल्या धारा सोडल्या आणि मग निर्जंतुक बाटलीत दूध धरलं. इंजेक्शन देऊन झाल्यावर घेतलेल्या नमुन्याचा फारसा उपयोग नसतो, तरी आपल्याकडे सर्रास तसंच चालतं. सलाईन आणि ताप-सूज उतरवणारं मेलोक्सिकॅम दिलं, सड वारंवार रिकामा करायला सांगितलं आणि बाटली घेऊन नाशिकची प्रयोगशाळा गाठली.

दुधातले जंतू वाढवलेली प्लेट तयार झाल्यावर मी स्वतः बघायला गेले. सगळीकडे जंतूंचा राखाडी थर. सेफोटॅक्झिम या अँटिबायोटिकच्या चकतीच्या अगदी कडेपर्यंत तो भिडलेला. शेजारी त्याच औषधात क्लॅव्युलॅनिक आम्ल (औषध फोडणाऱ्या एन्झाइमला अडवणारं) घातलेली चकती होती, तिच्याभोवती मात्र स्वच्छ वर्तुळ. दोन्ही चकत्यांभोवतीच्या वर्तुळांच्या व्यासात ५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक पडला, की जंतू ईएसबीएल बनवतो असं धरतात. ईएसबीएल म्हणजे पेनिसिलिन आणि सेफॅलोस्पोरिन जातीची बहुतेक औषधं फोडून टाकणारं एन्झाइम. मालकांच्या बाटलीतलं सेफ्ट्रायझोन त्याच जातीचं. शिवाय ही क्षमता देणारा जनुक बहुधा प्लाझमिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) असतो, म्हणजे एक जंतू तो दुसऱ्याला देऊ शकतो.

पण त्या गाईला जन्मापासून एकही अँटिबायोटिक दिलेलं नव्हतं. मालकांची वही चोख आहे, त्यात सगळं लिहिलेलं असतं.

अहवाल घेऊन परत गेले तेव्हा गाय उठून उभी होती. जेंटामायसिन लागू पडेल असं अहवालात होतं, पण त्याची गरज उरली नव्हती. ई. कोलायची दगडी पुष्कळदा शरीर स्वतःच आवरतं. आजी वासरांना बादलीतून दूध पाजत होत्या. कुठलं दूध, असं विचारलं.

"त्या पलीकडच्या गाईचं. इंजेक्शनं चालू आहेत, डेअरीत घालता येत नाही. मग वाया कशाला घालवायचं?"

या बादलीतल्या दुधात औषधाचा अंश असतो. मारायला अपुरा, पण औषधाला न जुमानणारे जंतू निवडून वाढवायला पुरेसा. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१७ साली हेच मांडलं होतं: असं दूध प्यायलेल्या वासरांच्या शेणात प्रतिरोधक जंतू वाढतात. लहानपणी पोटात गेलेले जंतूच या गाईत टिकले, असं मी म्हणणार नाही. पण दरवर्षीची वासरं तेच दूध पितात, त्याच गोठ्यात शेण टाकतात, आणि कास त्याच ओल्या जमिनीला टेकते. प्राण्यांच्या खाद्यात आणि कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक द्यायला जुलै २०१९ मध्ये केंद्राने बंदी घातली, ते फार गरजेचं होतं. या बादलीकडे मात्र कोणी बघत नाही, आणि मला ते खुपतं.

आजींनी विचारलं, "मग टाकू कुठं, डॉक्टरीण बाई?" प्रश्न रास्त होता. उकळलं तर जंतू मरतात, पण औषध बहुतांश तसंच राहतं. उकिरड्यावर ओतलं तर ते तिथल्या जंतूंना भेटणारच, आणि ते खत पुढे कांद्याच्या वावरात जातं. दगडीच कमी होणं हाच खरा उपाय, हे मी स्पष्ट सांगितलं. गव्हाण भरलेली ठेवून धारेनंतर अर्धा तास गाय बसू द्यायची नाही, कारण सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे, बसायची जागा कोरडी ठेवायची. तोवर ते दूध वासरांपासून दूर, विहिरीपासून लांब खड्ड्यात.

त्या सडातून आता दूध येत नाही, गाय तीन सडांवर आहे. वासरांच्या शेणाचे नमुने मी प्रयोगशाळेत दिलेत. त्यात ईएसबीएल निघालं तर नवी वासरं पहिल्या दिवसापासून वेगळी बांधायची, असं मालकांशी ठरलंय.