उंची, माग आणि पदर : एका शब्दसूचीचा अनुभव

उपग्रहांच्या साहाय्याने होणारी स्थाननिश्चिती आणि नकाशावाचन यांवरची एक प्रशिक्षण-पुस्तिका मराठीत आणण्याचे आणि तिच्या शेवटी शब्दसूची जोडण्याचे काम मी स्वीकारले, तेव्हा ते चार महिन्यांत हातावेगळे होईल असा माझा अंदाज होता. पुस्तिका अभ्यासकांसाठी नव्हती. हातात रिसिव्हर किंवा मोबाइल आणि पाठीवरच्या पिशवीत छापील नकाशा घेऊन रानात जाणाऱ्या, ओढे, पाणवठे आणि वाटा यांची नोंद करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी ती होती. मूळ यादीत २१४ संज्ञा होत्या. प्रत्यक्षात चौदा महिने लागले आणि त्यांतला निम्म्याहून अधिक काळ वीस-पंचवीस शब्दांनी घेतला. त्या शब्दांचा हा वृत्तांत आहे.

सुरुवातीला मी यादीचे तीन भाग केले. अक्षांश, रेखांश, समोच्चरेषा, नकाशाप्रमाण, प्रक्षेपण, होकायंत्र हे शब्द शालेय भूगोलाने रुजवलेले आहेत, त्यामुळे त्यांना हात लावण्याचे कारण नव्हते. दुसरा भाग उपग्रहांबरोबर आलेल्या संज्ञांचा होता आणि खरी अडचण तिथेच येणार असे मी धरून चालले होते. तिसरा भाग भूरूपांचा होता. तो मी सर्वांत सोपा समजून शेवटी ठेवला, आणि हा अंदाज पुढे साफ चुकला. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी होते. ज्या संज्ञेला तिथे चालणारा शब्द मिळेल, तिथे नवा घडवायचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला होता.

उपग्रहांच्या भागातला पहिला पेच माझ्या अपेक्षेपेक्षा गोड निघाला. उपग्रहाकडून रिसिव्हरला कक्षेची माहिती दोन प्रकारांनी मिळते. अल्मनॅक ही सगळ्या उपग्रहांची ढोबळ माहिती असते, जीपीएसमध्ये ती पूर्ण उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटे लागतात आणि ती कित्येक दिवस उपयोगी पडते. इफेमेरिस ही प्रत्येक उपग्रहाची स्वतःची नेमकी माहिती असते, ती दर तीस सेकंदांनी पुन्हा प्रक्षेपित होते आणि साधारण चार तासांत शिळी होते. कोश उघडला तर दोन्ही शब्दांना मराठीत पंचांगच लागू पडते, कारण ग्रह कधी कुठे असतील हे सांगणारे आपले साधन तेच आहे. बराच विचार करून मी अल्मनॅकला ‘उपग्रह-पंचांग’ केले आणि इफेमेरिसला ‘कक्षापत्रक’. अनेक दिवस बंद असलेला रिसिव्हर सुरू केल्यावर उशीर का लावतो, हे मग एका वाक्यात सांगता आले : त्याच्याजवळचे पंचांग जुने झालेले असते आणि कक्षापत्रक तर मुळीच नसते. याच वाक्याच्या पुढे ‘फिक्स मिळणे’ होते. त्यासाठी मी ‘स्थान लागणे’ घेतले, कारण मोबाइल हातात धरून उभा असलेला माणूस ‘लोकेशन लागलं का?’ असेच विचारतो. सूर लागतो, पत्ता लागतो, तसेच स्थान लागते.

त्यानंतरचा शब्द मात्र चुकीच्या मराठीने आधीच व्यापलेला होता. रिसिव्हर त्रिकोणमापन करतो, असे सर्रास लिहिले जाते. त्रिकोणमापनात कोन मोजतात, तर रिसिव्हर एकही कोन मोजत नाही. संदेश उपग्रहाकडून निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागलेल्या वेळावरून तो अंतर काढतो. अशा अंतरांच्या गोलांचा छेद जिथे होतो, तिथे आपण उभे असतो. म्हणून मी ‘अंतरछेद’ हा शब्द घडवला. तीन उपग्रहांनी भागायला हवे असताना चौथा का लागतो, याचे उत्तर त्याच्या शेजारच्या संज्ञेत होते. रिसिव्हरचे घड्याळ उपग्रहातल्या अणुघड्याळाइतके चोख नसते आणि एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे अंतरात सुमारे ३०० मीटरांची चूक होते. ही चूक काढण्यासाठीच चौथा उपग्रह लागतो. ती काढून टाकण्यापूर्वीच्या अंतराला इंग्रजीत स्यूडोरेंज म्हणतात. ‘छद्म अंतर’ म्हटले तर कोणीतरी फसवत आहे असे वाटते आणि ‘आभासी अंतर’ म्हटले तर ते अस्तित्वातच नाही असे वाटते. ते अंतर खरेच मोजलेले असते, फक्त दुरुस्त झालेले नसते. ते ‘कच्चे अंतर’ झाले, आणि कच्च्या हिशेबाची सवय असलेल्या कोणालाही ते समजावून सांगावे लागले नाही.

प्रणालींच्या नावांत ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू यांनी काही त्रास दिला नाही. आपल्या देशाच्या प्रणालीचे ‘नाविक’ हे नाव मात्र मराठीत सामान्यनामही आहे. ‘नाविकाच्या उपग्रहांकडून’ असे लिहिले की कोणा दर्यावर्दी माणसाचे उपग्रह डोळ्यांपुढे येतात. विशेषनाम म्हणून सामान्यरूप न करता सर्वत्र ‘नाविकच्या’ असे ठेवायचे ठरले आणि त्यासाठी सगळी पुस्तिका पुन्हा चाळावी लागली.

आता ज्या शब्दाने माझे तीन महिने घेतले त्याकडे येते. तो शब्द म्हणजे ‘उंची’. मूळ मजकुरात उंचीसाठी तीन इंग्रजी शब्द होते आणि त्यांच्यातला फरक संदर्भावरून कळेल असे गृहीत धरून मी तिन्ही ठिकाणी नुसते ‘उंची’ लिहून टाकले होते. पहिल्या चाचणीच्या दिवशी आम्ही एका टेकडीच्या माथ्यावरच्या मोजणीच्या दगडापाशी थांबलो. छापील नकाशावर त्या दगडाची उंची ६१२ मीटर होती. हातातला रिसिव्हर ६१४ दाखवत होता. मोबाइलमधल्या ॲपवर ५४७ आकडा होता आणि तो कितीही वेळ थांबले तरी एक-दोन मीटरांपेक्षा जास्त हलत नव्हता. मोबाइल खराब आहे, असे दोघांनी वहीत लिहून टाकले. आमच्याबरोबर भूमापन खात्यातून निवृत्त झालेले एक मोजणीदार होते. त्यांनी तिन्ही आकडे पाहिले, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, “ताई, दगड हलला नाही, मोबाइलही बिघडला नाही. तुमचा शून्य हललाय.”

मी त्यांना विचारले, “काका, मग पुस्तिकेत हे कसं लिहू?” “कुठून मोजली ते लिहा,” ते म्हणाले. “उंची नुसती नसतेच.”

घोळ असा होता. उपग्रहांवरून निघणारी उंची ही पृथ्वीच्या गणिती आकारापासून, म्हणजे विवृत्ताभापासून मोजलेली असते. नकाशावरची उंची सरासरी समुद्रसपाटीपासूनची असते. ही सपाटी जमिनीखालूनही पुढे चालू आहे अशी कल्पना केली की जो आकार मिळतो त्याला जिऑइड म्हणतात. पृथ्वीच्या पोटातले वस्तुमान सगळीकडे सारखे वाटलेले नसल्याने जिऑइड कुठे विवृत्ताभाच्या वर, तर कुठे खाली जातो. भारताच्या दक्षिणेस हिंदी महासागरात तो १०० मीटरांहूनही खाली गेलेला आहे आणि जगातला त्याचा सर्वांत खोल भाग तोच होय. समुद्रकिनाऱ्यावर कोरड्या वाळूत उभे असताना एखादे ॲप उणे उंची दाखवते, ते यामुळेच. हातातल्या रिसिव्हरमध्ये जिऑइडचे कोष्टक भरलेले असते, म्हणून तो नकाशाशी जुळला. मोबाइलचे ॲप कच्चा आकडा तसाच दाखवत होते. त्या दिवसानंतर पुस्तिकेत एकटी ‘उंची’ कुठेही राहिली नाही. ‘विवृत्ताभी उंची’, ‘समुद्रसपाटीपासूनची उंची’ आणि झाड किंवा मनोरा यांच्यासाठी ‘जमिनीपासूनची उंची’, असे तीन पूर्ण शब्दप्रयोग ठेवले. जिऑइडला मराठी शब्द सुचवणारे तीन-चार पर्याय माझ्या वहीत होते. त्यांतला एकही ऐकून अर्थ लागत नव्हता, म्हणून जिऑइड हाच शब्द राहिला.

डेटम, म्हणजे मोजणी ज्याच्या आधाराने करायची तो ठरवून घेतलेला संदर्भ, या शब्दाचेही असेच झाले. ‘आधारतल’ हा शब्द मी आधी घेतला होता. तळ म्हटले की मन उंचीकडेच जाते, पण डेटम अक्षांश-रेखांशांनाही असतो. भारताचे जुने स्थलनिर्देशक नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या नावाच्या १८३० च्या विवृत्ताभावर बेतलेले आहेत, तर जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ हा सगळ्या जगासाठीचा विवृत्ताभ वापरते. या दोन विवृत्ताभांच्या विषुववृत्तीय त्रिज्यांत ८०० मीटरांहून अधिक फरक आहे आणि त्यांचे मध्यही एका जागी नाहीत. जुन्या नकाशावरून वाचलेले अक्षांश-रेखांश तसेच रिसिव्हरमध्ये भरले, तर आपल्याकडे जागा शंभर मीटरांहून अधिक चुकते. आम्ही तेच करून पाहिले : एका विहिरीचे स्थान नकाशावरून वाचून भरले आणि रिसिव्हर सांगेल तिथे चालत गेलो. दहा वेळा प्रयत्न करून दहाही वेळा आम्ही एकाच बांधाजवळ पोहोचलो, आणि विहीर तिथून दूरवर दिसत होती. अचूकता आणि एकसारखेपणा या दोन संज्ञांतला फरक मला त्या बांधावर उभे राहून लिहिता आला. वाचने एकसारखी होती, अचूक एकही नव्हते. डेटम हा शब्द तसाच ठेवून त्याखाली विहिरीचे हेच उदाहरण दिले.

छपाईपूर्वी एक अपघात झाला. चालून झालेल्या रेषेसाठी मी ‘माग’ हा शब्द ठेवला होता, कारण मागे राहतो तो माग, आणि माग काढणे हे प्रत्येकाला कळते. आधी आखलेल्या रेषेसाठी ‘मार्ग’ होता. मुद्रितशोधनात सगळे ‘माग’ चूक समजून ‘मार्ग’ केले गेले. परिणामी ‘मार्ग साठवा आणि नंतर मार्गाशी ताडून पाहा’ असे वाक्य तयार झाले. चूक माझ्या योजनेतच होती. केवळ रफाराचा फरक असलेले दोन शब्द एकाच पानावर एकमेकांविरुद्ध उभे करायला नको होते. मग ‘आखलेला मार्ग’ आणि ‘चाललेला माग’ अशी जोडी केली.

भूरूपांचा भाग मी सोपा समजले होते, कारण मराठीत डोंगरासाठी शब्दांची वाण नाही. अडचण होती ती नेमकी याचीच. इंग्रजीच्या एका शब्दासमोर मराठीत दोन-तीन उभे राहात. एकाच इंग्रजी शब्दाच्या पोटात आपली दरीही होती आणि खोरेही. वॉटरशेड हा शब्द तर काही देशांत पाणी विभागणाऱ्या धारेसाठी वापरतात आणि काही देशांत ते पाणी जिथून गोळा होते त्या सगळ्या क्षेत्रासाठी. आपल्याकडे ‘जलविभाजक’ आणि ‘पाणलोट क्षेत्र’ हे दोन शब्द आधीपासून वेगळे असताना मी मूळ मजकुरातला गोंधळ मराठीत आणणार होते.

दोन शिखरांमधल्या खालच्या भागाला मी आधी ‘खोगीर’ लिहिले होते. वाचून पाहणाऱ्या एका डोंगरयात्रीने शेजारी फक्त ‘खिंड’ असे लिहून यादी परत पाठवली. खिंड म्हटले की अरुंद वाट डोळ्यांपुढे येते, ही माझी शंका होती. शेवटी शब्द खिंड ठेवला आणि व्याख्येत ‘दोन शिखरांना जोडणाऱ्या धारेवरचा सर्वांत खालचा भाग, येथून वाट असेलच असे नाही’ असे लिहिले. ‘सोंड’, म्हणजे डोंगरातून पुढे उतरत आलेली धार, आणि ‘घळ’, म्हणजे उतारावरचा खोलगट भाग, यांची नकाशावरची ओळख तर बोटानेच करून द्यावी लागते. नकाशावर दोन्ही ठिकाणी समोच्चरेषा सारख्याच वळतात. वळणाच्या टोकावर बोट ठेवायचे आणि शेजारचे आकडे वाचायचे : टोक कमी उंचीकडे असेल तर सोंड, जास्त उंचीकडे असेल तर घळ.

आणि ‘पदर’. हा शब्द मूळ यादीत नव्हताच. लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेल्या सह्याद्रीत कठीण थराचा उभा कडा होतो आणि दोन कड्यांच्या मध्ये एखादी जवळजवळ सपाट पट्टी डोंगराला वेढून राहते. नकाशावर समोच्चरेषा एकमेकींना चिकटतात, मग एकदम सुट्या होतात, मग पुन्हा चिकटतात. डोंगरात फिरणारी माणसे त्या सुट्या रेषांच्या पट्टीला पदर म्हणतात. पुस्तिकेच्या मूळ मजकुरात तिथे ‘पायरीसारखा सपाट भाग’ अशा अर्थाचे अर्धे वाक्य होते. मी ते काढून पदर लिहिला आणि यादीत २१५ वी नोंद केली.

दुसऱ्या चाचणीला आम्ही त्याच टेकडीवर गेलो. या वेळी काका बरोबर नव्हते. वही लिहिणाऱ्या मुलीने दगडाशी बसून दोन रकाने आखले, एकात ‘विवृत्ताभी उंची ५४६’ आणि दुसऱ्यात ‘समुद्रसपाटीपासूनची उंची ६१३’ असे लिहिले आणि पुढच्या वाटखुणेकडे निघाली. उतरताना तिने मला एकच प्रश्न विचारला : समोरच्या डोंगराला दोन पदर आहेत, तर नोंदीत वरचा पदर आणि खालचा पदर असे लिहिले तर चालेल का? मी हो म्हटले आणि घरी आल्यावर पदराच्या व्याख्येत तेवढी भर घातली.