आडनावातून गळालेला ‘र’

फ्रेंच कागदपत्रांची भाषांतरं करणं हे माझं रोजचं काम. जन्माचे दाखले, लग्नाचे दाखले, घटस्फोटाचे निकाल, कधी एखादं मृत्युपत्र. वर्षातून चार-दोन वेळा दुभाषी म्हणून बाहेर पडते, तेही बहुधा कारखान्यांतल्या बैठकांसाठी. त्यामुळे गेल्या जुलैत फ्रान्समधल्या शांबेरी गावाहून एका बाईंची मेल आली, ती मी दोनदा वाचली. त्यांना पुण्यात एकच दिवस मिळणार होता आणि तो त्यांना शनिवारवाड्यावर नव्हे, वानवडीला महादजी शिंद्यांच्या स्मारकावर, शिंदे छत्रीवर, घालवायचा होता. खाली नाव होतं. फ्रेंच लोक कागदावर आडनाव मोठ्या अक्षरांत लिहितात, तसंच लिहिलेलं: लबोर्न्य.

हा शब्द माझ्या ओळखीचा. ‘बोर्न्य’ म्हणजे एका डोळ्याने आंधळा. लबोर्न्य म्हणजे सरळ ‘तो काणा’. चेहऱ्यामोहऱ्यावरून, अंगकाठीवरून पडलेली अशी आडनावं फ्रेंचमध्ये ढीगभर आहेत. लग्रो म्हणजे जाड्या, लरू म्हणजे तांबड्या केसांचा, लबोस्यू म्हणजे कुबड्या. गावात चार ज्यां असले की कुठला ज्यां हे सांगायला लोक काहीतरी चिकटवत, आणि मध्ययुगात कधीतरी ते चिकटलेलं बापाकडून लेकाकडे जाऊ लागलं. पुढे १५३९ मध्ये राजाज्ञेने पाद्र्यांना बाप्तिस्म्यांच्या नोंदी ठेवायला लावल्या, आणि तोंडी फिरणारी टोपणनावं शाईत उतरून कायमची बसली. आपल्याकडचे मोटे, टकले, ढेरे, बोबडे आठवा. रीत तीच.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. कँपातल्या हॉटेलातून आम्ही रिक्षाने निघालो तेव्हा पाऊस लागला होता. रिक्षाच्या ताडपत्रीतून आत येणारे शिंतोडे हाताने पुसत त्यांनी मला शांबेरीतल्या हत्तींबद्दल सांगायला सुरुवात केली.

गावाच्या मधोमध एक कारंजं आहे. चार हत्ती, चार दिशांना तोंडं करून. नुसता पुढचा अर्धा भाग. मागचा भाग खांबात गेलेला. म्हणून गावातली माणसं त्याला फ्रेंचमध्ये एक गमतीचं नाव देतात, ‘बिनढुंगणाचे चौघे’. खांबावर ज्या माणसाचा पुतळा आहे तो महादजी शिंद्यांचा सेनापती. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याला डिबॉईन म्हणतात. पाटण, मेडता, लाखेरी या लढायांतल्या कवायती पलटणी ज्याने उभ्या केल्या तो. त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १८३८ मध्ये, गावाने हे कारंजं उभारलं.

“लहानपणी आजोबा मला तिथे न्यायचे,” बाई म्हणाल्या, “आणि वर बोट दाखवून सांगायचे, हा आपला. हाही लबोर्न्य.”

आजोबा खोटं बोलत नव्हते. हा माणूस ८ मार्च १७५१ रोजी शांबेरीत जन्मला तो बनुआ लबोर्न्य म्हणून. वडिलांचं केसाळ कातड्यांचं दुकान. त्या दुकानाच्या पाटीवर हत्ती, वाघ, सिंह रंगवलेले होते आणि ते पाहत पोरगा मोठा झाला, असं सांगतात. आडनाव मात्र त्या डोंगराळ मुलखातलं नव्हे. लबोर्न्य मुख्यतः फ्रान्सच्या उत्तरेचं. ब्रिटनीत ते दोन शब्द तोडून लिहितात. बनुआचे आजोबाच पिकार्डीहून शांबेरीत येऊन स्थायिक झाले होते. बाईंचं घराणंही असंच कधीतरी उत्तरेकडून आलेलं, पण या दुकानदाराशी त्यांचं नातं काही निघत नाही. निवृत्तीनंतर त्यांनी जुनी दप्तरं चाळून ते तपासलं होतं.

“नातं नाही याचं मला काही वाटलं नाही,” त्या म्हणाल्या. “वाईट दुसऱ्याच गोष्टीचं वाटलं. पुतळ्याखाली आमचं आडनावच नाही. तिथे लिहिलंय द ब्वान्य. वर्गातली मुलं एक डोळा मिटून मला हाक मारायची. मी घरी येऊन रडले की आजोबा म्हणायचे, हत्तींवरच्या माणसाचं आडनाव आहे तुझं. बारा वर्षांची झाले तेव्हा कळलं, त्यालाही ते नको होतं.”

१७६८ मध्ये, सतरा वर्षांचा असताना, तो फ्रान्सच्या फौजेतल्या आयरिश पलटणीत दाखल झाला. त्या दिवसांत लबोर्न्य मागे पडलं आणि द ब्वान्य आलं. हा बदल किती बारीक आहे ते लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही. मी पर्समधली वही काढली आणि रिक्षा हलत असतानाच दोन्ही नावं एकाखाली एक लिहिली. सुरुवातीचं ‘ल’ गेलं, तिथे ‘द’ आलं. मधला ‘र’ गळाला आणि त्याच्या जागी ‘इ’चं अक्षर बसलं. जुन्या फ्रेंच लेखनात हे ‘इ’ पुष्कळदा उच्चारायचं नसे. पुढच्या ‘न’चा ‘न्य’ होतो एवढीच त्याची खूण. कांद्याला फ्रेंचमध्ये ‘ओन्यों’ म्हणतात, त्याच्या लेखनात आजही ते मुकं ‘इ’ आहे. म्हणजे जुन्या वळणाने वाचलं तर ‘ब्वान्य’चं ‘बोन्य’च होतं. बोर्न्य, बोन्य. एक ‘र’ गिळला की काण्याचा डोळा बरा.

आणि ते ‘द’! फ्रेंच आडनावाआधी ‘द’ लागलं की सरदार घराणं, असा समज आपल्याकडे आहे आणि फ्रान्समध्येही आहे. खरं तर ते नुसतं ‘चा’ आहे, कुठल्या तरी गावचा, शिवारचा. शेतकऱ्यांच्या आडनावांतही ते सापडतं. पण कातड्याच्या दुकानदाराच्या मुलाला फौजेत वर चढायचं असेल तर तेवढं अक्षर उपयोगी होतं. त्याच्यामागून महादजींच्या फौजेत आलेला आणि पुढे दौलतरावांचा सेनापती झालेला पेराँ, त्याचंही घरचं आडनाव क्युलिए. समुद्र ओलांडताना या लोकांनी नावं कोटासारखी बदलली.

बनुआची वेळही बरोबर जमली. फ्रान्समध्ये १७९४ च्या ऑगस्टात कायदा आला की जन्मनोंदीत जे नाव तेच आयुष्यभर. दुसरं लावायचं नाही. शांबेरी ज्या साव्वा प्रांतात आहे, तो तेव्हा फ्रान्सने ताब्यात घेतलेला. पण हा गृहस्थ तेव्हा अलीगडला शिंद्यांच्या पलटणी सांभाळत होता. परत गेला तो अमाप पैसा घेऊन, आणि १८१६ मध्ये सार्डिनियाच्या राजाने त्याला काउंट केलं तेव्हा खोट्या नावावर खरा शिक्का बसला.

वानवडीला उतरलो तर पाऊस वाढलेला. दरवाजातून आत शिरताना बाईंनी आपली छोटी निळी छत्री उघडली आणि रखवालदार धावत आला. “ओ बाई, छत्री मिटा आधी! इथे चालत नाही.” महादजींच्या आवारात कुणी डोक्यावर छत्री धरत नाही, हा इथला रिवाज. मी बाईंना समजावायला लागले आणि अडखळले, कारण मराठीत दोन्हींना शब्द एकच. राजाच्या डोक्यावर धरतात ते छत्र, पण पावसात आपण धरतो ती छत्री, आणि राजा जिथे दहन झाला तिथे बांधतात तीही छत्री. बाईंनी लगेच छत्री मिटली आणि भिजत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “म्हणजे इथे डोकं झाकायचा मान फक्त त्यांचा.” इतकं नेमकं भाषांतर मला जमलं नसतं.

महादजी १२ फेब्रुवारी १७९४ ला इथे वारले. आतल्या गाभाऱ्यासमोर बाई बराच वेळ उभ्या होत्या. शेवटची दीड-पावणेदोन वर्षं महादजी पुण्यात होते आणि त्यांचा सेनापती उत्तरेत. त्याच्या पलटणींच्या निशाणांवर साव्वाचा पांढरा क्रूस होता. नाव टाकलं, क्रूस ठेवला. हे बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्यांच्या आवाजातला राग थोडा उतरला होता.

सभामंडपात भिंतीशी एक म्हातारे गृहस्थ बसले होते, गुडघ्यावर भिजलेली टोपी वाळत घातलेली. त्यांनी विचारलं, “कुठल्या या?” मी सांगितलं. “आणि आडनाव काय?” तेही सांगितलं. “अर्थ काय त्याचा?” मी जरा घुटमळले, पण दुभाष्याने गाळायचं नसतं. “एक डोळा नसलेला, काका.”

“मग आपल्यात काणे असतात की!” काका म्हणाले. “त्यात काय! धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे पांडुरंग वामन काणे. भारतरत्न. सांगा त्यांना.”

काणे आडनाव कुठून आलं ते काणे घराण्यांनी सांगावं, पण मराठी कानाला शब्द तोच. मी बाईंना सगळं सांगितलं: आमच्या भाषेत असंच ऐकू येणारं आडनाव आहे, त्या आडनावाच्या एका विद्वानाला १९६३ मध्ये देशाचा सर्वोच्च सन्मान मिळाला, आणि त्यांनी नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. बाईंनी ते ऐकलं, खाली वाकल्या आणि काकांचा हात दोन्ही हातांत धरला. भाषा नव्हती, तरी माझी गरज पडली नाही.

बाहेर ओट्यावर बसून डबा उघडला. मी थालीपीठ नेलं होतं. खाताना बाईंनी मला ती गोष्ट सांगितली जिच्यासाठी मी आज हे लिहायला बसले आहे.

लबोर्न्य आडनाव फ्रान्समध्ये अजून बऱ्यापैकी आहे. दुर्मीळ आहे ते द ब्वान्य. एका माणसाने स्वतःसाठी घडवलेलं, म्हणून एकाच घराण्याचं. आणि ते टिकलं कुणामुळे? बनुआने लंडनमध्ये १७९८ मध्ये एका सरदारकन्येशी लग्न केलं. तिला मूल झालं नाही. पण त्याआधी हिंदुस्थानात त्याची एक पत्नी होती, नूर बेगम, हलीमा. तिचा मुलगा अली बक्ष आणि मुलगी बानू. दोन्ही मुलांना आणि तिला तो विलायतेला घेऊन गेला. तिथे अली बक्षचा शार्ल आलेक्सांद्र झाला, हलीमाची हेलेन बेनेट झाली. मुलगी लहान वयात गेली. मुलगा शांबेरीला बापाकडे गेला, पुढे काउंट झाला, त्याला पुष्कळ मुलं झाली. आज ज्या कुणाचं आडनाव द ब्वान्य आहे तो अली बक्षचा वंशज. हलीमा मात्र ससेक्समध्ये हॉर्शमजवळ राहिली आणि १८५३ मध्ये तिथेच वारली.

“त्याच्या आईचं नाव हेलेन होतं,” बाई म्हणाल्या. “बायकोला त्याने आईचं नाव दिलं. स्वतःच्या घरचं आडनाव टाकणारा माणूस!”

मला घास गिळेना. माझ्या लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं गेलं. आडनाव तर बदललंच, आईने ठेवलेलं नावही बदललं. चोवीस वर्षं झाली. पदवीवर एक नाव, पासबुकावर दुसरं; ही दोन्ही मीच हे पटवायला एका बँकेने मला तीन खेपा घालायला लावल्या आणि शेवटी प्रतिज्ञापत्र मागितलं. फ्रेंच दाखले भाषांतर करताना एक गोष्ट मी रोज बघते. त्याच १७९४ च्या कायद्यामुळे तिकडच्या बाईचं जन्माचं नाव कधी पुसलं जात नाही. नवऱ्याचं ती वापरते, पण कागदावर ती शेवटपर्यंत माहेरचीच. बाईंचंही तसंच. नवऱ्याचं आडनाव त्यांनी चाळीस वर्षं शाळेत वापरलं आणि तरी मला मेल लिहिताना लबोर्न्य लिहिलं.

फक्त, नाव ठेवता येत होतं. पुढे देता येत नव्हतं. आईचं आडनाव मुलांना द्यायची सोय २००५ पासून झाली. बाईंच्या वडिलांना दोन मुलीच. थोरल्या बहिणीला मूल नाही, बाईंना एक मुलगी, ती वडिलांच्या नावाची. घरातलं लबोर्न्य दोन म्हाताऱ्यांवर येऊन थांबलेलं. मग १ जुलै २०२२ पासून आणखी एक कायदा लागू झाला: सज्ञान माणसाने नगरपालिकेत अर्ज करावा आणि आईचं आडनाव घ्यावं. कारण सांगायचं नाही, वकील लागत नाही. फक्त महिनाभराने स्वतः परत जाऊन ‘हो, हेच हवंय’ म्हणून पक्कं करायचं. बाईंची मुलगी अर्ज देऊन आली होती. महिना अजून भरायचा होता.

“मी तिला म्हटलं, विचार कर. काण्याचं नाव आहे. तुझ्या मुलाला वर्गात चिडवतील.” मुलगा नऊ वर्षांचा, तेरा वर्षांखालच्या मुलाचं आडनाव आईबरोबर आपोआप बदलतं. “ती म्हणाली, आई, तू आधी त्या हत्तींवरच्या माणसाशी भांडण मिटवून ये.”

संध्याकाळी हॉटेलवर सोडताना मी बिल लिहिलं. नावाच्या जागी काय लिहू असं मी विचारलंच नाही. त्यांनी मात्र माझ्या वहीतलं ते दोन नावांचं पान मागून घेतलं आणि खाली देवनागरीत ‘काणे’ लिहून द्यायला सांगितलं.

सप्टेंबरात एक मेल आली. मजकूर नव्हता, एक फोटो होता. जन्मनोंदीचा उतारा, मी असे शेकडो भाषांतरित केलेत. फ्रेंच जन्मनोंदीचा समास रुंद असतो, कारण माणसाचं पुढचं सगळं तिथेच लिहितात: लग्न, घटस्फोट, मृत्यू. या समासात ताज्या छापाच्या तीन ओळी होत्या, आडनाव बदलल्याच्या. मधला ‘र’ जागेवर होता.