पायथ्याची जागा

नुकतीच एका बुधवारी पहाटे, पाच महिन्यांच्या खंडानंतर, पुन्हा हार्वर्ड स्टेडियमवर गेले. बॉस्टनमधला आमचा व्यायामाचा गट दर बुधवारी तिथे जमतो. फी नाही, नावनोंदणी नाही, उन्हाळा-हिवाळा बघणं नाही. २०११ मध्ये ब्रोगन ग्रॅहम आणि बोयान मंदारिच या दोन मित्रांनी नोव्हेंबरभर रोज सकाळी व्यायाम करायचा असं एकमेकांना कबूल केलं, त्यातून गट वाढत गेला आणि नावही 'नोव्हेंबर प्रोजेक्ट' असंच राहिलं. स्टेडियम १९०३ सालचं, काँक्रीटचं, घोड्याच्या नालेसारखं वळलेलं. त्याचे ३७ भाग. बसायच्या उंच पायऱ्यांवरून चढायचं, शेजारच्या छोट्या पायऱ्यांवरून उतरायचं, की पुढचा भाग. 'उद्या येते' असं कुणाला सांगितलं आणि गेलं नाही, तर 'तुझी आठवण आली' असं सगळ्यांना दिसेल असं लिहिलं जातं. पुण्यात सोसायटीच्या गेटवर काकू विचारतात ना, 'काय गं, दिसली नाहीस दोन दिवस?', तसंच ते. त्या प्रश्नापायी मी उणे दहा तापमानातही अंथरुणातून उठले आहे.

जानेवारीत फुटपाथवरच्या पातळ बर्फावरून पाय सटकला. तो बर्फ डोळ्यांना दिसतच नाही, ओला रस्ता वाटतो. डाव्या घोट्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, सहा आठवडे पाय टेकवायचा नाही. गटातल्या मैत्रिणींनी खूप बोलावलं, 'नुसती येऊन उभी राहा' म्हणाल्या. मी गेले नाही. घाम गाळते म्हणून मी तिथली, नाहीतर माझं तिथे काय काम, असंच मला वाटत होतं. हळूहळू त्यांचे मेसेज उघडणंही बंद केलं. हाडापेक्षा हे जास्त दुखत होतं, पण तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

मार्चमध्ये ऑफिसनं तीन महिने पुण्याहून काम करायची मुभा दिली आणि मी सहकारनगरला आईबाबांकडे आले. बाबा रोज सकाळी पर्वती चढतात. १०३ पायऱ्या, पाच फेऱ्या, बरोबर सात-आठ जणांचं टोळकं. सगळे साठीच्या पुढचे. एप्रिलमध्ये आठ वाजताच ऊन चटकायला लागतं, म्हणून साडेपाचला पायथ्याशी. त्यावेळी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं दोन-दोन पायऱ्या गाळत वर जात असतात. काही माणसं अनवाणी, प्रत्येक पायरीला हात लावून कपाळाला लावत चढतात.

फिजिओथेरपिस्टनं मला एक सूत्र दिलं होतं: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. चढणं अवघड आणि उतरणं सोपं, असं मी समजत होते. घोट्याच्या बाबतीत उलटं असतं. उतरताना चांगला पाय खाली टाकला, की दुखरा पाय वरच्या पायरीवर मागे राहतो आणि त्याचा गुडघा पंज्याच्या पुढे झुकावा लागतो. तेवढा वाक नसेल तर तोल जातो. तो वाक मी रोज भिंतीशी मोजायची. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि अंगठा भिंतीपासून किती बोटं मागे राहतो ते बघायचं. उजवा पाय सहा बोटं, डावा जेमतेम दोन.

दुसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून एकदम चार फेऱ्या केल्या. संध्याकाळी घोटा सुजून सपात बसेना. मग नऊ दिवस घरी. बाबा उठायचे, मला त्यांच्या चपलांचा आवाज यायचा आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. दहाव्या दिवशी बाबा दारात उभे राहून म्हणाले, "तुला काकूंनी बोलावलंय. चढायला नाही, चिंचोके धरायला."

या काकू बाबांच्या टोळक्यातल्या, बहात्तर वर्षांच्या. फेऱ्यांचा हिशेब चुकू नये म्हणून पाच चिंचोके घेऊन येतात, एक फेरी झाली की एक चिंचोका एका खिशातून दुसऱ्यात. त्या दिवशी त्यांनी पाचही माझ्या ओंजळीत टाकले. "तू खाली आहेसच, तर माझा हिशेब तूच ठेव." मग कुणी किल्ल्या दिल्या, कुणी पाण्याची बाटली, एका काकांनी चष्मा काढून दिला. मी कठड्यावर बसले. फेरी संपवून काकू यायच्या, हात पुढे करायच्या, मी एक चिंचोका त्यांच्या तळहातावर ठेवायची. गुळगुळीत, माझ्या हाताच्या घामानं किंचित ओलसर. तो मुठीत दाबून त्या पुन्हा वर.

असे अकरा दिवस मी तिथे नुसती बसले. एकानंही 'पाय कसा आहे' याच्या पलीकडे काही विचारलं नाही, आणि बसून राहिले म्हणून मी टोळक्यातली नाही असंही कुणाला वाटलं नाही. बॉस्टनच्या मैत्रिणी 'येऊन उभी राहा' म्हणत होत्या त्याचा अर्थ मला त्या कठड्यावर कळला. जखमी माणसानं आधी जागेवर जायचं असतं, व्यायाम नंतर येतो. मला हे इतकं मनापासून पटलंय की पाय, पाठ, बाळंतपण, कशानंही घरी बसलेल्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं: पहाटेची वेळ सोडू नका, खाली बसायला तरी जा.

बाराव्या दिवशी एक फेरी केली. मे अखेरपर्यंत तीन. भिंतीशी डावा पाय पाच बोटांवर आला.

परत आल्यावर पहिल्या बुधवारी मी पायऱ्या चढलेच नाही. ३७व्या भागाच्या टोकाशी उभी राहिले आणि शेवटचा भाग उतरून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर टाळी दिली. दोन मैत्रिणी घामानं निथळत गळ्यात पडल्या. पुढच्या बुधवारी नऊ भाग केले.

इथे सकाळचे साडेसात म्हणजे पुण्यात संध्याकाळचे पाच. बाबांचा चहा झालेला असतो. स्टेडियमच्या बाहेरूनच फोन लावला. नऊ भाग म्हटल्यावर ते दोन क्षण गप्प राहिले.

"उतरताना कुठला पाय आधी टाकलास?"

"आळीपाळीनं, बाबा."

"थांब," ते म्हणाले, "काकूंना फोन करतो."